जाणाऱ्याला वाट

परवा सकाळी साडेदहाच्या सुमाराला सदाशिव पेठेतल्या एका गल्लीत पुढे अंत्ययात्रा लागली. दोन्ही बाजूंना लावलेल्या गाड्या, मधे जेमतेम एक रिक्षा जाईल एवढी जागा. सगळ्यात पुढे मडकं धरलेला मुलगा. पंचविशीचा असेल, ओलेत्याने, अनवाणी. सुतळीच्या शिंकाळ्यात ते मडकं लोंबकळतंय आणि त्यातून धूर येतोय. मागे चार खांद्यांवर तिरडी आणि त्यामागे तीस-चाळीस माणसं. मी स्कूटर बंद करून कडेला उभी राहिले. शेजारच्या रिक्षावाल्यानेही रिक्षा बंद केली. झेरॉक्सच्या दुकानवाल्याने शटर अर्ध्यावर ओढलं आणि पायरीवर येऊन हात जोडले. म्हणजे अजून सगळं काही बिघडलेलं नाही, असं मी मनात म्हणतेय तोवर मागून हॉर्न सुरू झाला.

एकदा नाही, सलग. मोटरसायकलवरचा एकटा माणूस, पाठीला लॅपटॉपची सॅक. एक मिनिट वाजवून झालं, मग फट शोधली. मागची माणसं ओलांडली, तिरडीच्या बाजूने घुसला आणि पुढे मडकंवाला मुलगा आणि तिरडी यांच्या मधून आडवा निघून गेला! कारण तिथे चार-पाच फूट जागा मोकळी होती ना. मुलगा दचकला, मडकं हेलकावलं, एक निखारा रस्त्यावर पडला. कोणी ओरडलं नाही. एक म्हातारे गृहस्थ एवढंच म्हणाले, "जाऊ दे रे, जाऊ दे, चल पुढे."

मला राग आला तो त्याच्या घाईचा नाही. घाई सगळ्यांनाच असते, आणि त्याची खरीच असेल कदाचित. पण ती चार-पाच फूट जागा रिकामी नसते, हे त्याला दिसलंच नाही याचं मला अजून नवल वाटतंय. विस्तव आणि मृतदेह यांच्या मधून जाऊ नये, असं मोठी माणसं सांगायची. त्याचं धर्मशास्त्र काय ते मला नका विचारू. मला इतकंच दिसतं की त्या जागेत एक मुलगा आणि त्याचा बाप असतो, आणि त्या दोघांची एकत्र चालायची ही शेवटची वेळ असते.

माझं लहानपण साताऱ्याचं. गावातल्या अंत्ययात्रा संगम माहुलीला जातात, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर. चार-पाच किलोमीटरचं अंतर. त्या वाटेवरच आमचं घर होतं, त्यामुळे आठवड्यातून एखादी तरी ओसरीसमोरून जायचीच. टाळ-मृदंग आणि रामकृष्णहरी ऐकू आलं की आजी हातातलं निवडणं-टिपणं बाजूला ठेवून उठून उभी राहायची. आम्हालाही उभं करायची, पायात चपला असतील तर काढायला लावायची. मी एकदा विचारलं, "आजी, कुणाचं आहे गं?" तर म्हणाली, "कुणाचं का असंना, माणूस चाललंय. हात जोड." त्यात भक्तिभाव वगैरे फारसा नव्हता. यात्रा नजरेआड झाली की ती परत बसून तांदूळ निवडायला लागायची, आणि तोंडाने त्या दिवशीच्या आमटीची चर्चा.

(शिवाय आमच्याकडे समज असा की कामाला निघताना प्रेतयात्रा समोर आली तर काम होतं. एरवी मांजर आडवं गेलं तरी परत फिरणारी आपली माणसं, त्यांनी हा शकुन मात्र शुभ कसा ठरवला कोण जाणे! पण ठरवणाऱ्याला हात जोडावेसे वाटतात. शुभ म्हटल्यावर कोणी तोंड फिरवून पळणार नाही, थांबेल, नमस्कार करेल. हॉर्न तर नक्कीच वाजवणार नाही.)

त्याच वाटेवर थोडं पुढे विसाव्याची जागा होती. विसावा हा शब्द शहरातल्या नव्या पोरांना बंगल्याच्या पाटीवर वाचून माहीत असतो, म्हणून सांगते. स्मशानात जाताना अर्ध्या वाटेत तिरडी खाली टेकवतात. खांदेकरी बदलतात, पुढचे मागे होतात आणि मागचे पुढे. तांदूळ, नाणं असं काहीतरी तिथे ठेवतात आणि परत उचलून निघतात. मोजून दोन-तीन मिनिटांचं काम. मला हा सगळ्या विधींमधला सर्वात शहाणा विधी वाटतो. दमलेल्या खांद्यांना आराम मिळतो, हे झालंच. पण ज्याला न्यायचंय त्यालाही वाटेत क्षणभर टेकू देतात. जणू तोही दमलाय.

आता शहरात विसावा घ्यायचा कुठे? सिग्नलला?

शहरात चालत जाणाऱ्या अंत्ययात्राच कमी झाल्यात, आणि त्यात तक्रार करण्यासारखं मला काही दिसत नाही. अंतरं वाढली. खांदा द्यायला चार धडधाकट माणसं मिळणं मुश्किल झालं, कारण मुलं बाहेर आणि शेजारी सत्तरीचे. मग शववाहिनी. पुण्यात बससेवेच्या शववाहिनीला 'पुष्पक' असं नाव दिलं, हे मला फार आवडतं. नवी पेठेतल्या स्मशानभूमीचं नाव वैकुंठ, तेव्हा तिथे जायला विमानच हवं. तुकोबांच्या गावापासून एवढ्या जवळ राहणाऱ्या लोकांना हे सुचणारच. पण हे विमान बिचारं रस्त्यावरूनच जातं, सिग्नलला थांबतं, आणि त्याला कोणी वाट देत नाही. सायरन नसतो ना!

थोडं कायद्याबद्दल. रुग्णवाहिकेला वाट दिली नाही तर मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजार रुपयांपर्यंतचा फटका बसू शकतो. हे योग्यच आहे, तिथे जीव वाचवायचा असतो. शववाहिनीतल्या माणसाचा जीव वाचवायचा नसतो, म्हणून ती साध्या टेम्पोसारखी. १९८९ च्या रस्त्याच्या नियमांत असं कलम होतं की मिरवणूक, संचलन करणारे सैनिक किंवा पोलीस, किंवा रस्तादुरुस्तीचे कामगार यांच्या जवळून जाताना वेग ताशी २५ किलोमीटरच्या वर नको. ती नियमावली २०१७ मध्ये बदलली, पण २५ हा आकडा लक्षात ठेवायला सोपा आहे, ठेवावा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत शांतता क्षेत्र म्हणून रुग्णालयं, शाळा-कॉलेजं, न्यायालयं, प्रार्थनास्थळं यांची नावं आहेत. स्मशानाचं नाही. तिथे आवाजाचा त्रास कोणाला होणार, असं वाटलं असेल.

आणि एक कलम आहे, जुन्या भारतीय दंड संहितेत २९७, आता जुलै २०२४ पासून न्याय संहितेत ३०१. अंत्यविधीसाठी जमलेल्या लोकांना व्यत्यय आणणं किंवा मृतदेहाची विटंबना करणं हा गुन्हा, एक वर्षापर्यंत कैद. पण त्यासाठी भावना दुखावण्याचा हेतू हवा, किंवा आपल्या वागण्याने त्या दुखावतील याची जाणीव तरी हवी. परवाच्या मोटरसायकलवाल्याकडे दोन्ही नव्हतं, आणि मला खात्री आहे की नव्हतंच. त्याला ऑफिसला पोचायचं होतं. म्हणजे कायदा इथे काही करू शकत नाही, आणि करू नये असंच माझं मत आहे. अंत्ययात्रेशेजारी पावतीपुस्तक घेऊन हवालदार उभा, हे चित्र त्याहून वाईट.

माझा भाचा ओहायोत असतो. त्याने तिथे गेल्यावर पहिल्या वर्षी फोनवर सांगितलेलं आठवतं, "मावशी, इथे प्रेतयात्रा गाड्यांची असते, सगळ्यांचे दिवे भर दुपारी चालू, आणि प्रत्येक गाडीवर झेंडी." तिथल्या कायद्यात तसं आहेच. पहिली गाडी चौकात रीतसर शिरली की मागच्या सगळ्या गाड्या सिग्नल लाल झाला तरी तिच्यामागे जाऊ शकतात, इतरांनी थांबायचं. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत अशी सवलत आहे. दक्षिणेकडच्या राज्यांत तर समोरून येणाऱ्या गाड्याही कडेला घेऊन थांबतात, तो कायद्यापेक्षा रिवाजाचा भाग. आता यावरून "बघा, परदेशात कशी शिस्त" असा सूर मी लावणार नाही. आपल्याकडे हा रिवाज त्यांच्याइतकाच जुना आहे. आपला रिवाज पायी चालणाऱ्यांचा होता, एवढंच. चपला काढायच्या, उभं राहायचं, हात जोडायचे. गाडीवर बसलेल्या माणसाने काय करायचं, ते आपण ठरवलंच नाही. आपल्या हाती गाडी आली आणि आजीची ओसरी सुटली, या दोन्हींच्या मधे काहीतरी ठरायचं राहून गेलं.

मग ठरवूया की. माझ्यापुरतं मी ठरवलंय ते सांगते. यात्रा मागून दिसली तर मागेच राहायचं, हॉर्नवरचा अंगठा काढून ठेवायचा. समोरून आली तर डावीकडे घेऊन इंजिन बंद. दिवा लागलेला असला तर तो थेट त्यांच्या डोळ्यांवर राहील असं उभं राहायचं नाही. बहुतेक यात्रांमध्ये एक-दोन तरुण मुलं आपण होऊन वाहतूक सांभाळत असतात, ती हाताने खूण करतात. त्यांनी खूण केली की जायचं, हळू, आणि यात्रेच्या एका बाजूने, कधीही मधून नाही. हेल्मेट काढायची गरज नाही (आमच्या शेजारच्या काकांनी चालत्या गाडीवर काढलं होतं, नमस्कारासाठी. तसं करू नका!). दुचाकीवाल्यांना आणखी एक सांगते, आणि हे अगदी व्यवहाराचं आहे. यात्रा गेल्यावर रस्त्यावर फुलं, चुरमुरे, गुलाल पडलेला असतो. पावसात त्यावरून चाक फार वाईट घसरतं. म्हणजे पाच मिनिटं थांबून हळू जाण्यात तुमचाही फायदाच आहे. आणि मोबाईल खिशात. अनोळखी माणसाच्या चेहऱ्याचं चित्रण करून ते कोणाला दाखवणार आहात?

हे सगळं फार होत नाही. माझ्या अनुभवात, सगळं धरून चार ते सहा मिनिटं.

पण वाट मागणाऱ्यांनीही थोडं ऐकावं. पूर्ण रस्ता अडवून, दोन्ही बाजूंची वाहतूक बंद करून जायचा हक्क मरणामुळे मिळत नाही. डाव्या अर्ध्या रस्त्यातून जाता येतं. मागून रुग्णवाहिका आली तर यात्रेने बाजूला व्हावं, आणि ते होतातही. मी डोळ्यांनी पाहिलंय, तिरडी खांद्यावर घेऊन सगळेच्या सगळे भिंतीला टेकले होते. अंधार पडल्यावर निघत असाल तर पुढे-मागे कोणाच्या तरी हातात बॅटरी हवी. हे झालं साध्या माणसांचं. आणि काही अंत्ययात्रा अशा असतात की त्यात शंभर मोटरसायकली पुढे, सायलेन्सर काढलेल्या, फटाके, आरोळ्या, आणि दुकानं बंद होतात ती आदराने नव्हे, भीतीने. गेलेला कोण होता हे मग विचारावं लागत नाही. तिथेही मी थांबते, हातही जोडते. पण तो मान गेलेल्या माणसाला. ती मिरवणूक काढणाऱ्यांना नाही.

मोठ्या माणसांचं वेगळंच. टिळकांची मुंबईतली १९२० ची अंत्ययात्रा किंवा बाबासाहेबांची १९५६ मधली दादरची, अशा वेळी रस्ताच यात्रा होतो, वाट द्यायला बाहेर कोणी उरत नाही. प्रश्न नेहमी तीस-चाळीस माणसांच्या यात्रेचा असतो. बंदोबस्त नाही, पेपरात बातमी नाही. तिला वाट मिळते ती फक्त रस्त्यावर त्या क्षणी जो कोणी असेल त्याच्याकडून.

आणि हे केवळ आपल्याच रिवाजाचं नाही. जनाजा जाताना वाटेतला अनोळखी मुसलमान माणूसही चार पावलं खांदा देतो, त्यांच्यात ते पुण्याचं काम. हदीसमध्ये एक प्रसंग आहे. प्रेषितांसमोरून एक जनाजा गेला, ते उभे राहिले. कोणीतरी म्हणालं, तो तर ज्यू होता. त्यावर त्यांनी विचारलं की मग तो जीव नव्हता का? माझ्या आजीला हदीस माहीत असायचं कारण नव्हतं, पण उत्तर तेच. मुंबईत डुंगरवाडीला पारशी लोक पांढऱ्या कपड्यांत जोडीजोडीने चालतात, दोघांच्या हातात मिळून एक रुमाल. कोणीही एकटं चालत नाही. मला तो रुमाल फार समजतो.

का समजतो ते सांगते. एप्रिल २०२१ मध्ये आमचे मामा गेले, करोनाने. तेव्हा अंत्यविधीला वीसच माणसांची परवानगी होती. वीस कुठली, आम्ही तिघं होतो. मामेभाऊ स्वतः विलगीकरणात, म्हणून मी गेले. आयुष्यात पहिल्यांदा स्मशानात. खांदा नाही, मडकं नाही, विसावा नाही. पिशवीत बांधलेले मामा पुढच्या गाडीत आणि आम्ही मागच्या गाडीत. रस्ता इतका रिकामा की पुण्यात तसा मी कधी पाहिला नव्हता. वाट द्यायला कोणी नव्हतंच. एका नाक्यावर बॅरिकेड होतं. तिथल्या पोलिसाने पुढची गाडी पाहिली, बॅरिकेड सरकवलं, आणि मग खुर्चीकडे न जाता तिथेच सरळ उभा राहिला. टोपी नीट केली. आमची गाडी पुढे जाईपर्यंत हलला नाही. दिवसभरात त्याच्यासमोरून अशा किती गाड्या गेल्या असतील त्या दिवसांत! मामी आता कुठलं फारसं काही बोलत नाही, पण तो पोलीस तिला मी सांगितलेला आहे, आणि तो तिच्या लक्षात आहे.

म्हणून मला कोणी म्हटलं की गेलेल्याला काय कळतंय, तर मी वाद घालत नाही. त्याला नसेल कळत. मागून चालणाऱ्यांना कळतं. त्या दिवशी त्यांना बाकी काही आठवत नाही, कोण काय बोललं तेही नाही. पण रस्त्यात कोण उभं राहिलं आणि कोण हॉर्न मारत गेलं हे बारा-पंधरा वर्षांनीही सांगतात. विचारून बघा घरात.

वाट देण्यावरून आणखी एक आठवतं, आणि ते लिहिल्याशिवाय हा विषय माझ्याने सोडवत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये तमिळनाडूत वाणियंबाडीजवळ एका दलित माणसाचा मृतदेह पुलावरून दोराने खाली सोडावा लागला. नदीकाठच्या स्मशानाकडे जायची वाट दुसऱ्यांच्या शेतातून होती आणि तिथून जाऊ देत नव्हते. त्याचं चित्रण सगळीकडे फिरलं, मद्रास उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. ते बघून आपल्याकडचे लोक हळहळले. पण आपल्या गावांतूनही जातवार स्मशानभूमी आहेत, आणि कुठली स्मशानभूमी डांबरी रस्त्यावर, कुठली ओढ्यापलीकडे, हे गावातल्या कुणालाही विचारा, बोट दाखवून सांगेल. पावसाळ्यात कमरेएवढ्या पाण्यातून तिरडी नेणाऱ्या माणसांचे फोटो दरवर्षी पेपरात येतात. साताऱ्याच्या आमच्या ओसरीसमोरून कोणाकोणाच्या यात्रा जात नव्हत्या, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. आजीला विचारायला आजी नव्हती.

असो. जड झालं. आता घरच्यांसाठी, कारण तुम्ही हे वाचता मला माहीत आहे, आणि नंतर फोन करून "काहीतरी अभद्र लिहू नकोस" म्हणता. माझ्या वेळी पुष्पक बोलवा, खांद्याचा हट्ट नको. दादाचा गुडघा मला माहीत आहे. सकाळी दहा ते बारा टाळा, शास्त्री रस्त्यावर पाऊल ठेवता येत नाही. गाडीच्या पुढे बाईक लावून रस्ता मोकळा करायला कोणालाही पाठवू नका. विशेषतः तुला सांगतेय, चिंटू. बायकांनी यायचं, ज्यांना यायचंय त्यांनी. विसावा मात्र घ्या. नवी पेठेत शिरल्यावर डाव्या हाताला एक जागा मी बघून ठेवलीये, गुलमोहराखाली. दोन्ही बाजूंना पार्किंग असतं, पण दोन मिनिटं गाडी उभी राहू शकेल.